‘वाटा’ खोडलेली तुझी प्रत

कुंदाताई,

तुझी प्रत माझ्याकडे पोचली. तुझ्या तेरवीनंतरच्या रविवारी खेमराजभाऊ मुर्रीला आमच्या घरी आले. हातात कापडी पिशवी. पिशवीत चायना ग्रासच्या दोन पुड्या, एक भिंग, मिठाची बरणी आणि सगळ्यात खाली माझं चारपानी पत्रक, ‘समुद्रातलं सहभोजन’. तुझे भाऊ म्हणाले, “कुंदीनं सांगतलं होतं, हे पाम्प्लेट तुमाले द्याचं. बाकीच्याचं काय करावं आमाले समजत नाही, म्हणून तेही आनलं.”

पत्रकात हिस्सा या अर्थानं ‘वाटा’ हा शब्द सहा ठिकाणी आहे. सहाही ठिकाणी तू तो निळ्या पेनानं, पट्टी धरून खोडला आहेस. खोडलेल्या प्रत्येक शब्दाच्या वर पेन्सिलनं टिंबांची एक रेघ आहे, आणि त्या रेघेवर काहीच लिहिलेलं नाही.

प्रयोगवहीसाठीचा तुझा नियम मला पाठ आहे. विद्यार्थ्यांना तू पहिल्याच तासाला सांगायचीस: जे दिसलं ते पेनानं, जे वाटलं ते पेन्सिलनं. म्हणजे ‘वाटा’ चुकीचा आहे हे तुला दिसलं होतं. त्याजागी काय हवं, ते शेवटपर्यंत वाटलंसुद्धा नाही, की वाटलं आणि लिहिलं नाहीस? गेले काही दिवस मी एवढाच विचार करते आहे.

तुझा जन्म, तुझ्या पदव्या, तुझी नोकरी यातलं मी काही लिहिणार नाही. ते कॉलेजच्या फलकावर लागलं आहे. दवाखान्यातलंही लिहिणार नाही, एक प्रसंग सोडून. तो सोडता येत नाही.

मी तुझ्याकडे पहिल्यांदा आले ती तळ्याच्या पाण्यासाठी. अर्जुनी मोरगावकडच्या एका गावातलं तळं हिरवंगार झालं होतं, मासे उलटे होऊन तरंगत होते, आणि पाण्यात कोणीतरी औषध टाकलं अशी बोंब उठली होती. संशय अर्थातच मासे धरणाऱ्या घरांवर. मला त्यावर तातडीनं पत्रक काढायचं होतं. कोणीतरी म्हणालं, कॉलेजात एक मॅडम आहेत, शेवाळावर डॉक्टर झालेल्या.

तू मला उभ्याउभ्याच विचारलंस, “पाम्प्लेट काढता म्हणे तुम्ही?”

“हो.”

“किती जागा असते?”

“चार पानं.”

“मंग दोन वाक्यांत सांगते. खत वाहून आलं, शेवाळ माजलं. शेवाळ मेलं, कुजलं, पाण्यातला ऑक्सिजन संपला. बाकीच्या साडेतीन पानांत तुम्ही शिव्या छापा.”

मी खरंच तसंच छापलं. पण त्या दिवशी मी निघायला लागले तेव्हा तू मागून हाक मारलीस. “काऊन व, समुद्र पाहिला का तू?” ‘तुम्ही’चं ‘तू’ तिथंच झालं.

नव्हता पाहिला. तू मला प्रयोगशाळेच्या मागच्या खोलीत नेलंस आणि एक चपटी काचेची बशी हातात दिलीस. बशीत पिवळट जेली आणि त्या जेलीत खड्डे. मुरमाच्या रस्त्यावर पाणी साचून पडतात तसे, पण मुगाच्या दाण्याएवढे. प्रत्येक खड्ड्याच्या तळाशी एक पांढुरका ठिपका.

“जेली शेवाळाची आहे,” तू म्हणालीस. “समुद्री शेवाळाची. आणि हे ठिपके समुद्रातले जिवाणू. आम्ही बाकीचे जिवाणू या जेलीवर वाढवतो, ते निमूट वर बसून राहतेत. हे नाही बसत. हे जेवता जेवता ताटच खाऊन राहिले.”

“गोंदियात समुद्र कुठून आणला?”

“किराण्याच्या दुकानातून. मीठ घेतलं, चायना ग्रास घेतलं. तुझी आई त्याची खीर करत असंल तर समुद्र तुमच्याही घरी येऊन गेला.”

जिवाणू मात्र दुकानातले नव्हते. किनाऱ्यावर शिकत होतीस तेव्हा एका दगडावरच्या शेवाळावरून तू ते खरवडून काढले होतेस आणि नोकरी लागल्यावर गाडीनं इकडे घेऊन आलीस. दर पंधरवड्याला जुन्या बशीतून उचलून नव्या बशीवर ठेवायचे. गेल्या आठवड्यात मी कॉलेजात जाऊन विचारलं. तुझ्या जागी आलेले सर सज्जन आहेत. म्हणाले, बशा वाळून गेल्या होत्या, टाकाव्या लागल्या. त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं.

साखरेचा विषय तू मला डब्यातल्या भातावर शिकवलास. भाताचा एक घास तोंडात धरायला लावलास आणि म्हणालीस, गिळायचा नाही, चावत राहायचं. मी चावत राहिले. तू घड्याळ बघत बसलीस. बऱ्याच वेळानं भात गोड लागायला लागला.

“भात गोड नव्हता. तुझ्या थुंकीनं केला. भात म्हणजे साखरेच्या दाण्यांची लांबच लांब माळ. माळ तुटल्याबिगर दाणा सुटत नाही, आणि दाणा सुटल्याबिगर जीभ त्याले ओळखत नाही. थुंकीतलं विकर, म्हणजे एन्झाइम, ती माळ तोडते. आता समुद्रात ये.”

मग तू मला समुद्रात नेलंस. शेवाळाच्या साखरा भातासारख्या साध्या नाहीत, म्हणालीस. एकेक माळ फांद्या फुटलेली, मध्ये मध्ये गंधकाच्या गाठी बांधलेली, प्रत्येक गाठीचं कुलूप वेगळं. एका विकरानं ते काम होत नाही. आधी गाठ सोडणारं लागतं, मग फांदी छाटणारं, मग दाणा सुटा करणारं, आणि क्रम चुकला की काम अडतं. अख्खी माळ जिवाणूच्या अंगापेक्षा मोठी, ती आत घेता येत नाही. म्हणून पुष्कळ जिवाणू विकरं बाहेर पाण्यात सोडतात. म्हणजे आपण पोटात जे करतो ते हे पोटाबाहेर करतात. बाहेर माळ तुटते, तुकडे पाण्यात सुटतात. काही तुकडे तोडणाऱ्याला मिळतात, पुष्कळसे वाहून जातात. आणि आजूबाजूला असे कितीतरी जिवाणू असतात ज्यांच्याकडे ते विकरच नाही. ते हे तुकडे खाऊन जगतात.

हे नुसतं सांगून तू थांबली नाहीस. एका बशीवर आयोडीन ओतलंस. सगळी जेली तपकिरी झाली, फक्त ठिपक्यांभोवती स्वच्छ वर्तुळं राहिली. वर्तुळ ठिपक्यापेक्षा कितीतरी मोठं होतं. “इथपर्यंत तोडलेलं आहे,” तू बोटानं दाखवलंस. “आणि ठिपका बघ केवढा. एवढं सगळं त्याच्या एकट्यानं कुठं खाऊन होते.”

त्या क्षणी माझ्या डोक्यात पत्रकाचं शीर्षक तयार झालं. तुझं पुढचं वाक्य मी ऐकलं, पण नीट ऐकलं नाही. पुढचं वाक्य होतं, “पण सगळेच असं करत नाहीत.”

ते दुसरे जिवाणू तू किनाऱ्यावरच्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले होतेस. साखरेच्या माळेला चमकणारा रंग बांधून ती समुद्राच्या पाण्यात सोडली, आणि थोड्या वेळानं चमक पाण्यात नव्हती, जिवाणूंच्या अंगात होती. हे जिवाणू माळेचा मोठा तुकडा धरतात, बाहेरच्या भिंतीतून आत ओढतात, आणि बाहेरची भिंत व आतली भिंत यांच्यामधल्या चिंचोळ्या जागेत बसून तोडतात. बाहेर काही सांडत नाही. अभ्यासकांनी त्यांना जे नाव ठेवलं आहे त्याचा सरळ अर्थ ‘स्वार्थी’. तुला ते नाव मान्य नव्हतं. म्हणालीस, “नाव ठेवणाऱ्याची गंमत आहे ती. मराठीत आणलं की शिवी होते. आपण ‘आतखाऊ’ म्हणू. आणि ते पहिले ‘बाहेरखाऊ’.”

“ताई, गोष्टीतल्या राक्षसांची नावं वाटतात.”

“वाटू दे. राक्षसाले निदान कोणी उपदेश करत नाही.”

मी हसले आणि वहीत ‘आतखाऊ’ लिहून घेतलं. वही अजून आहे. शब्दाभोवती चौकोनही आहे. पत्रकात तो शब्द नाही.

पत्रकं आमच्या घरात भांड्यांसारखी होती हे तुला माहीत आहे. अक्षरओळख मी छापखान्याच्या कच्च्या प्रतींवर केली, आणि माझ्या बालपणीच्या बहुतेक आठवणी घडी घालण्याच्या आहेत. बाबांचा नियम असा: पत्रक वाचून झाल्यावर माणसानं चहाच्या टपरीवर एक वाक्य बोललं पाहिजे. दोन वाक्यं लागत असतील तर पत्रक फसलं. आणि प्रत्येक पत्रकाच्या तळाशी ठळक अक्षरांत एक ओळ: ‘वाचा, पडताळा, मग पुढे द्या.’

‘आतखाऊ’ ठेवले असते तर दोन वाक्यं झाली असती.

दुसरी भानगड शब्दाची. बाहेर सुटलेले तुकडे खाऊन जगणाऱ्यांबद्दल बोलताना तू सहज म्हणाली होतीस, “ते उष्ट्यावर राहतेत.” मी तिथंच तुला अडवलं. उष्टं हा शब्द मी छापणार नाही, म्हणाले. हा शब्द कोणी कोणासाठी वापरला, कोणाच्या पदरात काय टाकलं, हे आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. तू मान्य केलंस. “तुझं बरोबर आहे. बदल.” मी बदलला. ‘वाटा’ लिहिलं. पत्रक तुला न दाखवता छापलं, कारण नागऱ्याची यात्रा तोंडावर आली होती.

नागऱ्याला महादेवाच्या रांगेत उभ्या असलेल्या लोकांना मी ‘समुद्रातलं सहभोजन’ वाटलं. आजवरच्या कुठल्याही पत्रकाला असा प्रतिसाद नव्हता. रांगेत लोक मोठ्यानं वाचत होते. एक गृहस्थ म्हणाले, “ये तो बढ़िया है, किडे बी मिलके खाते!” टपरीवर बोलायचं वाक्य झालं होतं. मी खूश होते. बाबांचा नियम इतका तंतोतंत कधीच पाळला गेला नव्हता.

मग एका शाळेचं विज्ञान प्रदर्शन आलं आणि परीक्षक म्हणून तुला बोलावलं गेलं. तिथं जे झालं ते मी तुझ्याकडूनच ऐकलं, त्याच संध्याकाळी. तुझी स्कूटी आमच्या दाराशी उभी राहिली ती स्टॅंडवर नीट लागलीसुद्धा नव्हती. तू आत आलीस आणि बसली नाहीस.

“नववीच्या पोरी होत्या. थर्माकोलचा समुद्र, पंगतीत बसलेले जिवाणू, मधात शेवाळाचं ताट. एक पोरगी मले सांगते, मॅडम, समुद्रातल्या जिवाणूंमध्ये स्वार्थी कोणीच नसते, सगळे एकमेकांले वाटा देतेत. मी म्हटलं, कोणी सांगतलं बाई तुले? तर तिनं तुझं पाम्प्लेट काढलं. खाली माह्यं नाव, ‘माहितीसाठी आभार’.”

मी म्हणाले, “जागा नव्हती ताई.”

“चौथ्या पानावर बोटभर वेलबुट्टी छापली व तू. वेलबुट्टीले जागा होती!”

“आतखाऊ छापले असते तर लोकांनी तेवढंच उचललं असतं. आधीच सगळे म्हणतात, निसर्गात जो तो आपलंच बघतो, मग आम्ही बघितलं तर काय. त्यांच्या हातात मी आणखी एक उदाहरण देऊ?”

“आणि उद्या कोणी नुसते आतखाऊच छापले, बाहेरखाऊ गाळले, तर त्याले काय म्हणशील?”

“खोटारडा.”

“हं,” तू म्हणालीस.

आई आतून चहा घेऊन आली. “घ्या व आधी. थंडा होऊन राहिला. भांडन काय, नंतरही करता येते.” तू चहा घेतलास, पण उभ्यानंच.

मग आवाज खाली आला. तो मला जास्त टोचला. “सहभोजनाले आमंत्रण असते. कोणीतरी ठरवून दुसऱ्याच्या शेजारी बसते, त्यात त्याची हिंमत असते. तुझ्या लोकांनी ती केली म्हणून त्या शब्दाले किंमत आहे. इथं कोणी कोणाले बोलावलं नाही. आणि वाटा! वाटा द्यायले देणारा लागते. इथं देणारा नाही. तोडलं, सुटलं, वाहून गेलं. ज्याले सापडलं त्यानं खाल्लं. जिवाणू चांगला नाही आणि वाईटही नाही. एकाच थेंबात दोन्ही असतेत. तोच जिवाणू एक साखर आत ओढंल आणि दुसरी बाहेर तोडंल, असंही होऊ शकते. तू त्याले आपल्या पार्टीत घेतलं, उद्या दुसरा कोणी त्याच्या पार्टीत घेईल.”

“मग शब्द सांग. उष्टं नाही, वाटा नाही. काय लिहू?”

तू बराच वेळ गप्प होतीस. मग म्हणालीस, “सापडला का सांगीन.” आणि दारातून वळून, “‘पडताळा’ छापते ना तू खाली? त्या पोरीनं कशानं पडताळावं? तिची पडताळणी म्हणजे मीच होती. आणि माह्यंच नाव खाली.”

मी शुद्धिपत्र काढायचं कबूल केलं. पुढच्या पत्रकासोबत, म्हणाले. पुढचं पत्रक निघालं, त्याच्या पुढचंही. मी दरवेळी काहीतरी कारण काढलं. खरं कारण असं की आमच्या घरातून आजवर एकही शुद्धिपत्र निघालेलं नव्हतं. आम्ही दुसऱ्यांच्या चुका छापत आलो. स्वतःची चूक कोणत्या टायपात छापतात तेही मला माहीत नव्हतं.

हे मी थट्टेनं लिहीत नाही. मी कधी कोणाला घाबरले नाही अशी माझी समजूत होती. चार ओळींच्या कागदाला घाबरले.

आता तो प्रसंग. तू दवाखान्यात होतीस. आवाज बसलेला, पण डोकं लख्ख. मला पाहून पहिला प्रश्न तोच. “शुद्धिपत्र निघालं?”

मी म्हणाले, “छापायला दिलंय.”

“उद्या आण. वाचून देते. तुझं शुद्धलेखन कच्चं आहे.”

मी घरी येऊन लिहायला बसले. ‘वाटा या शब्दाऐवजी’ इथपर्यंत लिहिलं आणि पुढचा शब्द नव्हता. दुसऱ्या दिवशी आले नाही. तिसऱ्या दिवशी आले, रिकाम्या हातानं. तू शुद्धिपत्राचं नाव काढलं नाहीस. तळ्याचं पाणी आता कसं आहे, ते विचारलंस. मी म्हटलं, साफ आहे. ते खरं होतं. त्यानंतर आपण बोललो नाही.

तुला कळलं होतं का? मला वाटतं, कळलं होतं. ज्या बाईला बशीतला खड्डा बघून जिवाणू ओळखता येतो, तिला चेहरा ओळखायला किती वेळ लागणार. पण तसं तू म्हणाली नाहीस, म्हणून हे माझं वाटणं आहे.

त्या रविवारी खेमराजभाऊ बसले होते, आईनं पत्रक हातात घेतलं आणि रिकाम्या टिंबांवर बोट ठेवलं. “इथं काय लिवाचं होतं?”

मी तिला सांगितलं. शेवाळ, साखरेची माळ, बाहेर तोडणारे, सुटलेले तुकडे, ते वेचून जगणारे. कोणी देत नाही, कोणी मागत नाही. याला शब्द सापडला नाही म्हणून ताईनं जागा सोडली.

आईनं क्षणभरही विचार केला नाही. “सरवा म्हनतेत त्याले. याच्यात एवढं भांडाचं काय होतं?”

सरवा. धान कापून नेल्यावर शेतातल्या बांधीत ज्या लोंब्या गळून पडलेल्या राहतात, तो सरवा. लग्नाआधी माझी आई दर हंगामात तो वेचायची, टोपली घेऊन, कापणाऱ्यांच्या मागून. हे तिनं मला शंभरदा सांगितलेलं आहे. मी भूक, हक्क, सन्मान या विषयांवर इतकी पत्रकं लिहिली आणि तो शब्द माझ्या एकाही पत्रकात आलेला नाही. घरातला शब्द मला कधी छापण्याजोगा वाटलाच नाही.

“कोनी टाकत नाही,” आई सांगत होती, “आन कोनाच्या ताटातलंबी नाही. कापताना गरते. ज्याची कंबर वाकते त्याचा.”

खेमराजभाऊ खाली बघत होते. मग म्हणाले, “आमच्या बांधीत बाबूजी सरवा वेचू देत नव्हते. धान खळ्यात गेलं का लगेच ढोरं सोडत. ढोरं सोडेपर्यंत राखायले कुंदीले बसवत बांधावर. बाया दिसल्या का ओरडाचं, तेच काम होतं तिले. आठ-नऊ वर्षांची असंल.”

आईनं गाव विचारलं. त्यांनी सांगितलं. आई म्हणाली, “हं, माहीत आहे. तिकडं नाही गेलो आमी कधी. तिकडं एक पोट्टी लय ओरडते म्हनत.”

भाऊंना हसावं की नाही कळेना. आई हसली, म्हणून तेही हसले. मग आईनं त्यांच्या कपात आणखी चहा ओतला.

म्हणजे हा शब्द तुला माहीत होता. माहीत नसणं शक्यच नाही. मग ज्या संध्याकाळी तू आमच्या घरात गप्प उभी राहिलीस आणि ‘सापडला का सांगीन’ म्हणालीस, तेव्हा तो तुझ्या जिभेवर होता का? माझ्या आईनं दिलेला चहा हातात असताना तो तुला उच्चारता आला नाही का? की जिवाणूंना शेतात आणणंच तुला नको होतं? ‘आतखाऊ’ला स्वार्थी म्हणू नको, असं तू इतक्या कळकळीनं का सांगत होतीस, त्याचा आणि त्या बांधाचा काही संबंध होता का? मला हे सगळं जोडावंसं वाटतं. जोडलं की फार छान पत्रक होईल. म्हणूनच मी जोडत नाही. तेवढं मी तुझ्याकडून शिकले.

‘सरवा’ या शब्दावर तू काय म्हणशील, तेही मला ऐकू येतं. “शेताले मालक असते. समुद्राचा मालक कोण? आणि सरवा वेचणारी बाई घरी जाऊन कोणाकोणाले खाऊ घालते, जिवाणू घालते का?” खरं आहे. शब्द पुरता बसत नाही. पण ‘वाटा’पेक्षा कमी खोटा आहे. देणारा त्यात नाही. ताट नाही. पडलेलं आहे आणि वेचणारे आहेत. आणि सगळं धान पेंढ्यासकट खळ्यात नेऊन दार लावणारेही त्याच गावात आहेत, हे सांगायला त्याच्यात जागा आहे.

शुद्धिपत्र छापून झालं. ‘समुद्रातलं सहभोजन’ ज्या ज्या ठिकाणी दिलं होतं, त्यातली जितकी ठिकाणं आठवली तिथं पोचवलं. नागऱ्याच्या रांगेतली माणसं पुन्हा सापडणार नाहीत. त्या शाळेत मी स्वतः गेले. प्रदर्शनातली ती मुलगी आता दहावीत आहे. तिनं कागद दोनदा वाचला आणि मला म्हणाली, “म्हणजे आमची पंगत चुकली होती? मॅडमनी तर दुसरा नंबर दिला होता.”

तू हे मला सांगितलं नव्हतंस.

शुद्धिपत्राचा मजकूर तुला वाचून दाखवायचा राहिला आहे, म्हणून इथं देते. शुद्धलेखन तू नाही, मीच तपासलं आहे, तेव्हा चुका असतील.

‘समुद्रातलं सहभोजन या पत्रकात पुढील दुरुस्त्या कराव्यात. शीर्षक चुकीचे आहे. समुद्रात कोणी कोणाला जेवायला बोलावत नाही. जिथे जिथे वाटा असे छापले आहे तिथे सरवा वाचावे. शेवाळाची साखर बाहेर तोडणाऱ्या जिवाणूंबरोबरच ती आत ओढून तोडणारे जिवाणूही असतात. त्यांची माहिती आम्हाला दिली गेली होती. आम्ही ती गाळली, कारण ती आमच्या म्हणण्याला सोयीची नव्हती. जागा पुरेशी होती. या चुकीशी माहिती देणाऱ्या प्राध्यापिकेचा काहीही संबंध नाही. जिवाणू चांगले नसतात, वाईटही नसतात. ते खातात.’

तळाशी नेहमीची ओळ आहे. ‘वाचा, पडताळा, मग पुढे द्या.’ ती छापताना पहिल्यांदाच मला संकोच वाटला.

तुझी प्रत मी जपून ठेवणार आहे. टिंबांच्या सहाही रेघांवर मी ‘सरवा’ लिहिलं आहे, पेन्सिलनं, कारण तू होकार दिलेला नाहीस. आणि चौथ्या पानावर, वेलबुट्टीच्या खाली, एक ओळ पेनानं लिहिली आहे: ‘शुद्धिपत्र छापायला दिलंय असं मी तुला सांगितलं, तेव्हा ते दिलेलं नव्हतं.’